व्हरांड्यातली खुर्ची

कौशल्याबाई नान्हेला खरा राग आला की तिचा आवाज बंद व्हायचा. एरवी कोसमटोल्याच्या रविवारच्या बाजारात तिची हाक पार बसथांब्यापर्यंत ऐकू जायची. "या जी, या! आताच तलावातून आली, अजून तोंड उघडून राहिली बघा!" असं ती ओरडायची आणि घमेल्यातल्या एखाद्या रोहूला हलकेच टिचकी मारायची. रोहू शेपूट आपटायचा, गिऱ्हाईक हसायचं आणि पिशवी पुढे करायचं. पण कुणी ताज्या मासोळीला शिळी म्हटलं, की ती गप्प होऊन त्या माणसाकडे बघत राहायची. तो माणूस मग स्वतःहूनच दुसऱ्या दुकानाकडे सरकायचा.

ती ढिवराघरची. अड्याळच्या बाजूला एका जुन्या तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या पायथ्याशी, त्यांची टोली आहे, लहानशी वस्ती, आणि मासेमारीशिवाय त्या टोलीला दुसरा धंदा कधी माहीत नव्हता. नवरा धनीराम तापाने गेला तेव्हा मुलगा कैलाश लहान होता. तेव्हा ती स्वतः छातीभर पाण्यात उतरून जाळं ओढायची. पुढे गुडघ्याने दगा दिला, जाळं कैलाशच्या हाती गेलं आणि तिच्याकडे राहिलं ते बाजाराचं दुकान. आता दुकानात तिच्याबरोबर सून तृप्ती बसते. विळीवर मासोळी कापावी तर तृप्तीनेच. खवले उडतात, पण गिऱ्हाइकाच्या कपड्यावर एक पडत नाही.

ती ख्रिस्ती झाली त्याला बरीच वर्षं झाली. जाळं ओढताना फुटकी बाटली तळव्यात शिरली होती. पाय सुजून टम्म झाला, तेव्हा तिला दवाखान्यात नेलं. चिखलाने माखलेला, पू धरलेला तो पाय बघून तिथल्या दोघीतिघींनी नाकाला पदर लावला. निर्मलाबाई नावाच्या नर्सने मात्र कोमट पाणी आणलं, खाली बसली आणि पाय मांडीवर घेऊन धुतला. धुताना ती कौशल्याबाईला तिच्या पोराची चौकशी करत होती, जणू भाजी निवडत दोघी गप्पा मारताहेत. "तुमाले घाण नाही वाटत?" असं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "माझ्या प्रभूने लोकांचे पाय धुतले, मला कसली घाण?"

कौशल्याबाईने हे ऐकून घेतलं आणि मनात ठेवलं. पाय बरा झाल्यावर निर्मलाबाईच्या अंगणात रविवारी प्रार्थना असते म्हणून ती बघायला गेली. त्या दिवशी तिथे वाचन होतं ते नेमकं तळ्याकाठच्या मासेमारांचं. जाळी धूत बसलेल्या माणसांना येशूने हाक मारली आणि ते उठून त्याच्यामागे गेले. कौशल्याबाई घरी आली ती पाळीवरून थेट तलावाकडे बघत. आपल्या टोलीत कुणी मोठा माणूस कधी आपणहून आला नव्हता. पुढारी मतं मागायला यायचे तेही पाळीवरूनच हात हलवून परत जायचे. आणि हा तर म्हणे नावेत बसून बोलायचा.

टोलीतल्या लोकांनी तिला 'मिशनवाली' म्हणून चिडवलं, भावकीने काही दिवस बोलणं टाकलं. ती कुणाशी भांडली नाही. तिचा धर्म तिच्या धंद्यात दिसायचा, एवढंच. पहाटे घमेलं डोक्यावर घेऊन बाजाराकडे निघाली की ती प्रभूशी बोलायची, अगदी शेजाऱ्याशी बोलावं तसं. "आज कतला कमी निघाला गा. कैलाशचं बोट कापलं. तू ध्यान ठेव." उरलेली मासोळी दुसऱ्या दिवशी बर्फात घालून ताजी म्हणून विकायची नाही, हा तिचा नेम होता. एकदा तृप्तीने कुरकुर केली तेव्हा ती म्हणाली, "तो देखून राहिला ना. गिऱ्हाइकाले नाही समजलं तरी त्याले समजते."

तृप्ती ऐकायची. तिने देव बदलला नव्हता, पण सासूचं हे वागणं तिला आतून पटत चाललं होतं. पावसाळा संपता संपता ती एक दिवस आपणहून म्हणाली, "आई, नाताळात माहाबी बाप्तिस्मा होऊ द्या." कौशल्याबाईने त्या दिवशी समोरच्या गिऱ्हाइकाला एक मोठी मरळ फुकट देऊन टाकली.

याच काळात मंडळीचं नवं चर्च उभं राहिलं. अंगणातली प्रार्थना आता रस्त्याकडेच्या चांगल्या पक्क्या इमारतीत गेली. चर्च बांधताना रेतीची घमेली वाहायला कौशल्याबाईही जायची, गुडघा दुखत असतानाही. नव्या चर्चला चकचकीत फरशी होती, पंखे होते, खिडक्यांना रंगीत काच होती. शिकलेली, नोकरीवाली चार घरं नव्याने यायला लागली होती. मंडळीचे सचिव होते टेकचंद गुरुजी, निवृत्त हेडमास्तर. आणि नागपूरहून नवा पाळक आला होता, अतुल नावाचा, तरुण, बोलायला गोड.

रविवारी बाजार आणि रविवारीच उपासना, म्हणून कौशल्याबाईची पद्धत ठरलेली होती. सकाळची गर्दी ओसरली की दुकान तृप्तीवर टाकायचं, नळावर हातपाय धुवायचे, पदर सारखा करायचा आणि चर्च गाठायचं. उपासना संपली की परत दुकानावर. घरी जाऊन आंघोळ करून यायचं तर टोली लांब, आणि तोवर उपासना संपलेली.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी ती पोचली तेव्हा टेकचंद गुरुजी दारातच उभे होते. व्हरांड्यात, दाराच्या बाजूला, एक निळी प्लास्टिकची खुर्ची ठेवलेली होती.

"कौशल्याबाई, तुम्ही इथे बसा," गुरुजी म्हणाले. "आत खाली बसायला तुम्हाला त्रास होतो. इथे स्पीकरही लावलाय, सगळं नीट ऐकू येईल."

कौशल्याबाईला भरून आलं. इतक्या लोकांत कुणाला तिच्या गुडघ्याची आठवण झाली होती. तिने गुरुजींना हात जोडले. "देव तुमचं भलं करो जी," असं म्हणाली, आणि त्या खुर्चीवर अंग चोरून बसली. पुढचे काही रविवार ती तिथे बसली. थंडीचं वारं यायचं तर पदर कानावरून घ्यायची. एकदा तर उपासनेनंतर तिने गुरुजींच्या मासोळीत मूठभर झिंगे वरून टाकले. गुरुजी दर रविवारी तिच्याकडूनच मासोळी न्यायचे.

खरं काय ते तृप्तीला कळलं. बाजारात एका रविवारी सुट्टे पैसे संपले म्हणून ती सासूला शोधत चर्चकडे गेली होती. बाजूच्या नळावर दोघी बायका हात धूत बोलत होत्या. चर्चच्या फरशीचा खर्च ज्या घराने दिला होता त्या घरची सून म्हणत होती, "बरं झालं बाई, गुरुजींनी तिला बाहेर बसवलं. त्या वासानं माझं डोकंच उठायचं." दुसरी म्हणाली, "मी तर पोरांना तिच्यापासून लांबच बसवायची."

तृप्ती सुट्टे न घेताच परत आली. संध्याकाळी घमेली घासताना मात्र तिला राहवलं नाही.

"आई, ती खुर्ची तुमच्या गुडघ्यासाठी नाही."

"मंग कायसाठी?"

"वासासाठी. तुमचा वास येते म्हणून बाहेर बसवून राहिले ते."

कौशल्याबाईच्या हातातला काथ्या थांबला. वास येतो हे तिला माहीत नव्हतं असं नाही. जन्मभर येतच होता. बसमध्ये लोक सरकून बसायचे, लग्नात पंगतीत शेजारची जागा रिकामी राहायची. ते तिने कधी मनाला लावून घेतलं नाही. पण तिने त्या माणसाला हात जोडले होते, देव तुमचं भलं करो म्हणाली होती. तिला तिची जागा दाखवली आणि ती त्यावर आभार मानत होती, हे आठवलं की तिच्या कानशिलाला आग लागायची. आणि ते झिंगे! तिने स्वतःच्या हाताने दिलेले झिंगे!

तो आठवडा ती कुणाशी बोलली नाही. पहाटे पाळीवरून जाताना प्रभूशीही नाही. रविवारी बाजारात बसली, पण उपासनेला उठली नाही. घरी रात्री जेवणाआधी ती शिकवलेली प्रार्थना म्हणायची, त्यात दुसऱ्याचे अपराध माफ करण्याची ओळ येते. तिथे आली की ती थांबायची आणि ती ओळ सोडून पुढे जायची. खोटं कसं बोलायचं त्याच्याशी?

दुसऱ्या रविवारी पाळक अतुल स्वतः दुकानावर आला. चिखलातून बूट सांभाळत, घमेल्यांच्या मधून वाट काढत.

"मावशी, तुम्ही आला नाहीत. तब्येत बरी आहे ना?"

"तब्येतीले काय झालं," ती म्हणाली. "खुर्ची रिकामी राहिली असन तुमची."

अतुलच्या चेहऱ्यावरून त्याला सगळं माहीत होतं हे दिसलं. तो हळू आवाजात म्हणाला, "मावशी, मनाला लावून घेऊ नका. काही लोक नवीन आहेत, नाजूक आहेत. त्यांनाही सांभाळावं लागतं. मी असं सुचवतो, तुम्ही सकाळी येऊच नका. संध्याकाळी मी तुमच्या घरी येतो, तुमच्यासाठी वेगळी प्रार्थना घेतो."

शेजारच्या दुकानातल्या बायका ऐकत होत्या. कौशल्याबाई उठून उभी राहिली.

"वेगळी? पास्टरसाहेब, वेगळं कायले पाहिजे मले? वेगळं तर पहिलेच होतं! वेगळी विहीर होती, वेगळी पंगत होती. माही आजी पाटलाच्या अंगणात उभी राहून वरून पाणी ओतून घेत होती ओंजळीत. ते वेगळं सोडासाठी तर तुमच्याकडे आली मी! तुमीच सांगतलं ना, इथं सगळे एका बापाचे लेकरं? मंग एका लेकराले घरात आन् एकीले व्हरांड्यात काहून?"

"वासाचा प्रश्न आहे मावशी, जातीचा नाही..."

"गुरुजी दर रविवारी इथूनच मासोळी नेते. माही मासोळी त्याईच्या ताटात चालते, त्याईच्या पोटात चालते. फक्त मीच नाही चालत. आन् तुमी जे वाचता पुस्तकातून, ते जाळेवाले, नाववाले, त्याईच्या अंगाले काय गुलाबाचा वास येत होता?"

अतुल "प्रार्थना करतो तुमच्यासाठी" म्हणाला आणि गेला. तो गेल्यावर कौशल्याबाईने पहिल्यांदा बघितलं की तृप्ती विळी सोडून खाली मान घालून बसली आहे.

"आई," ती म्हणाली, "मले नाही घ्याचा बाप्तिस्मा. मीबी ढिवरीण. मलेबी मासोळीचाच वास येते. आज तुमाले बाहेर बसवलं, उद्या माह्यासाठीबी खुर्ची टाकतीन ते. असं असन तर आपलं हाये ते काय वाईट हाये?"

कौशल्याबाईने तिची समजूत घातली नाही. घालायला तिच्याजवळ काही नव्हतंच. पण स्वतःच्या अपमानाने जे झालं नव्हतं ते या बोलण्याने झालं. त्या पोरीने देवाकडे एक पाऊल टाकलं होतं, सासूच्या वागण्याकडे बघून टाकलं होतं, आणि या फरशीवाल्यांनी ते मागे ओढलं. इतकी वर्षं तिने पहाटेच्या अंधारात जे जपलं ते एका प्लास्टिकच्या खुर्चीने घालवलं.

पुढचा रविवार प्रभुभोजनाचा होता. भाकर आणि द्राक्षरसाचे छोटे प्याले वाटतात तो. कौशल्याबाई बाजारातून उठली. नेहमी नळावर हातपाय धुवायची, त्या दिवशी फक्त हात धुतले. लुगड्याच्या काठाला खवले चिकटलेले होते, ते तिने झटकले नाहीत. ती चर्चमध्ये पोचली तेव्हा गीत चालू होतं. गुरुजींनी डोळ्यानेच खुर्ची दाखवली. ती खुर्चीवर बसली. आत प्याले फिरले. शेवटी गुरुजी बशीत एक प्याला घेऊन बाहेर आले आणि वाकून तिच्यापुढे धरला.

"बाहेरचा प्याला मले नोको," कौशल्याबाई म्हणाली.

गुरुजींना वाटलं तिला नीट कळलं नाही. "घ्या, प्रभूचं आहे."

"प्रभूचं हाये तर प्रभूच्या घरात द्या."

ती उठली. गुरुजी दारात आडवे येतील असं वाटलं, पण त्यांच्या हातात बशी होती, ती सांभाळण्यातच ते राहिले. कौशल्याबाई त्यांच्या बाजूने आत गेली आणि थेट पुढे, पाळकाच्या टेबलासमोर, फरशीवर पाय पसरून बसली. गुडघा दुमडत नव्हता म्हणून पसरूनच बसावं लागलं. गाणं बंद पडलं. एक बाई नाकाला रुमाल लावून उठली आणि पोरांना घेऊन बाहेर गेली.

कौशल्याबाईने मान वळवून सगळ्यांकडे बघितलं. आणि मग ती बोलली, बाजारात बोलते त्याच आवाजात.

"ह्या फरशीखालची रेती मी डोक्यावर आणली. तवा कोनाले वास नाही आला. मी काही मागाले नाही आली इथं. फक्त सांगाले आली. माही सून नाताळात तुमच्यात येणार होती. तिनं नाही म्हटलं. तिच्या मनातून देव कोनं काढला ते तुमी सगळे आपापल्या घरी जाऊन इचारा. फक्त माही गोष्ट असती तर इतकी नसती रागावली मी." मग पाळकाकडे हात पुढे केला. "द्या आता माहा प्याला."

अतुलने प्याला दिला. तिने घेतला, डोळे मिटले आणि प्यायली. नंतर उपासना पुरी झाली.

कौशल्याबाई त्यानंतर आतच बसायला लागली, पण सगळं बदललं असं झालं नाही. पंचांची बैठक बसली, तिथे गुरुजी म्हणाले की बाईने प्रभुभोजनाचा मान ठेवला नाही. दुसरे कुणी म्हणाले, जाऊ द्या, म्हातारी आहे. माफी कुणी मागितली नाही. फरशी दिलेलं घर काही दिवस आलंच नाही, मग यायला लागलं आणि दूरच्या कोपऱ्यात बसायला लागलं. अतुलने एका रविवारी नम्रतेवर प्रवचन केलं, पण नाव कुणाचं घेतलं नाही. ते कौशल्याबाईला फारसं आवडलं नाही. "नाव घ्याले कोनाचं भेव?" असं ती दुकानावर म्हणाली.

निर्मलाबाई एकदा दुकानावर आली. आता ती थकली होती, काठी घेऊन चालायची. प्रभुभोजनाच्या त्या रविवारी ती चर्चमध्ये खिडकीजवळच बसली होती, सगळं बघत. घमेल्यांपाशी उभी राहून ती मासोळ्यांकडे बघत होती.

"तुमी तवा काहून बोलल्या नाही?" कौशल्याबाईने विचारलं. "त्याईनं खुर्ची टाकली तवाच तुमाले माहीत होतं ना?"

निर्मलाबाईने मान हलवली. "होतं."

"मंग?"

"भांडण नको वाटलं. इतक्या मुश्किलीने चर्च उभं राहिलं होतं."

"तुमी माहा पाय धुतला म्हणून मी आली इथं," कौशल्याबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "तुमाले भांडण नोको वाटलं. मी मात्र तिथं थंडीत बसून त्याईले दुवा देऊन राहिली होती."

निर्मलाबाईचे डोळे भरले. तिने पिशवी पुढे केली आणि पाव किलो झिंगे मागितले. कौशल्याबाईने तोलून दिले. त्या दिवसापासून निर्मलाबाई चर्चमध्ये खिडकीजवळ बसत नाही, खाली फरशीवर कौशल्याबाईशेजारी बसते. काठी मांडीवर आडवी ठेवून. कौशल्याबाई तिला जागा करून देते, पण तिच्याशी अजून पूर्वीसारखं बोलत नाही.

टेकचंद गुरुजी मासोळी घ्यायला अजूनही येतात, कारण बाजारात तिच्याइतकी ताजी दुसऱ्या कुणाकडे नसते. वजन ती चोख देते. पण कापून देत नाही. त्यांनी एकदा विळीकडे बोट दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "घरी नेऊन कापा गुरुजी. तुमच्या हातालेबी लागू द्या थोडा वास." शेजारच्या बायका पोट धरून हसल्या.

माफीची ती ओळ कौशल्याबाई आता सोडत नाही. ती म्हणते, पण घाईघाईने, आणि मग प्रभूला सांगून टाकते, "म्हटली मी. माफी झाली नाही अजून. तू जरा थांब."

तृप्तीने बाप्तिस्मा घेतला नाही. नाताळ गेला, होळी गेली. तिला कुणी विचारलंही नाही, फक्त अतुलने एकदा विचारलं, तर ती म्हणाली, "पाहू." दर रविवारी सासू उठून चर्चला जाते आणि ती दुकान सांभाळते. गेल्या रविवारी कौशल्याबाई परत आली तेव्हा तृप्ती एका गिऱ्हाइकाला मासोळी कापून देत होती. वर न बघता तिने विचारलं, "काय वाचलं आज?"

कौशल्याबाई स्टुलावर टेकली, गुडघा चोळत म्हणाली, "सांगीन. पहिले तो कतला संपव, उन्हं चढून राहिली."